बालाघाटावरची ‘उचल’

‘उचलणे’ हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो, ते एखाद्या दिवशी सहज मोजून पाहा. सकाळी दारातली दुधाची पिशवी उचलायची, मग अंथरुणं उचलायची, किरकिरणारं लेकरू कडेवर उचलून घ्यायचं, जेवणं आटोपली की ताटं उचलायची. फोन वाजला तर तोही ‘उचलायचा’. विचार न करता बोलणाऱ्याला आपण ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ म्हणतो. चार महिने गप्प बसलेला दमा पावसाळा आला की पुन्हा ‘उचल खातो’. नावडत्या अधिकाऱ्याची ‘उचलबांगडी’ होते. मामा भाचीच्या लग्नाचा निम्मा खर्च ‘उचलतो’, तर एखादी समंजस जाऊ आपलं म्हणणं सासूबाईंपुढे ‘उचलून धरते’. हात उचलला की त्याची मारहाण होते, पाऊल उचललं की त्याचं धाडस होतं, विडा उचलला की त्याची प्रतिज्ञा होते. एवढ्याशा क्रियापदात अख्खा संसार मावतो म्हणा ना!

या शब्दाला एक दुखरी बाजूही आहे. लातूर जिल्ह्यातले लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं. त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तिथं उचलणं म्हणजे भुरट्या चोरीचा शिक्का, जो एका साऱ्या जमातीच्या कपाळी मारला गेला होता.

लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात मात्र ‘उचल’ म्हटलं की यांतलं काहीच आधी आठवत नाही. तिथं उचल म्हणजे पैसे. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. उचल घेतली, उचल वाढवून मागितली, उचल फिटली, उचल अंगावर राहिली. चार बायका पाण्याला जमल्या किंवा चार पुरुष पारावर टेकले की बोलणं फिरून फिरून या एका शब्दाशी येतं. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिकडे गेलो होतो, तेव्हा हा शब्द इतक्या वेळा कानावर आला की देवदर्शनाला निघालेल्या आम्ही दोघी त्या शब्दाच्याच मागे लागलो.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी भाची. ती पुण्यात स्पॅनिश भाषा शिकते आणि शब्दांची वही पर्समध्ये घेऊनच फिरते. तिच्या या वहीचा पुढे उपयोग झाला, तो ओघानं येईलच.

अहिल्यानगरहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरहून, बीडकडे जायला आता रेल्वेही झाली आहे. २०२२ साली आष्टीपर्यंत आणि २०२५ साली बीड शहरापर्यंत गाडी धावू लागली. पण आम्ही एस.टी.नंच गेलो. कडा, आष्टी, जामखेड करत पुढे सौताड्याला उतरलो. तिथं विंचरणा नदी उभ्या कड्यावरून खाली दरीत उडी घेते आणि दरीच्या पोटात रामेश्वराचं देऊळ आहे. पावसाळा संपता संपता गेलं तर धबधब्याला पाणी असतं, उन्हाळ्यात नुसता कातळ. या डोंगरांचं नाव बालाघाट. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर हे तालुके या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारांवर वसलेले. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि लातूर, कर्नाटक, तेलंगण असा प्रवास करत गोदावरीला मिळते.

सौताड्याहून पाटोद्याच्या वाटेवर रस्त्याच्या कडेनं बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या होत्या. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव आता दुसऱ्या कुठल्या मुलखाच्या फळाला लावता येत नाही. मुरमाड, उथळ मातीत आणि थोडक्या पाण्यावर हे झाड तग धरतं. माणसांचं तसं नाही. बाजरी, तूर, कापूस, सोयाबीन हे जे काही खरिपात येईल ते येतं. दसऱ्याला ते घरात आलं की पुढच्या पावसापर्यंत रानात फारसं काम नाही. विहिरीला पाणी असेल तो गहू-हरभरा पेरणार. बाकीच्यांनी आठ महिने काय खायचं?

या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच मुलखात तयार होत होतं. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर असे कारखान्यांमागून कारखाने निघाले. ऊस वाढला, पण तो तोडायला माणसं हवीत. ती बालाघाटावर होती. १९७२ च्या दुष्काळानं तर घरंच्या घरं बाहेर काढली. तेव्हापासून दसरा-दिवाळी झाली की बीडची माणसं ‘कारखान्याला’ जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बीड जिल्ह्यात स्वतःचे साखर कारखाने आहेत, गोदाकाठच्या आणि माजलगाव धरणाच्या पाण्यावर तिथंही ऊस होतो. तरीही हे जाणं थांबलेलं नाही.

पाटोद्याच्या बसस्थानकावर एक तिशीची बाई शेजारी येऊन बसली. पायाशी नवी कोरी पत्र्याची पेटी, मांडीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. सीताफळाची फोड तिच्या मुलीच्या हातावर ठेवली आणि बोलणं सुरू झालं.

“यंदा कुठं?” मी विचारलं.

“कर्नाटकात, ताई. बागलकोटाकडं.”

“उचल किती घेतली?”

“आमच्या मालकानं घेतलीय. एक लाख.” (मालक म्हणजे नवरा, बरं का.)

“आणि तुमच्या वाट्याची?”

ती खुदकन हसली. “कोयत्यात वाटा नसतो, ताई. कोयता म्हंजे आमी दोघं.”

तिचं ते वाक्य नीट कळायला मला बसचा पुढचा अख्खा प्रवास लागला. कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार हे आपल्याला ठाऊक असतं. पण या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला मिळूनच ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. असे दहा-वीस कोयते जमवून मुकादम आपली टोळी बांधतो. कारखाना किंवा वाहतूकवाला मुकादमाला पैसे देतो, मुकादम त्यांतून प्रत्येक कोयत्याला उचल देतो आणि मोबदल्यात आपलं कमिशन घेतो. उचल मोजून देतात ती नवऱ्याच्या हातात. नाव त्याचं, अंगठा किंवा सही त्याची. बायको त्या हिशेबात असते, पण कोयत्याच्या मुठीसारखी. तिच्यावाचून कोयता चालत नाही, आणि तिचं नाव वेगळं कुणी घेत नाही. पोराचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढला असं म्हणतात. लग्नाची घाई का होते, याचं एक कारण या साध्या हिशेबात आहे.

आता गृहिणीनं करावा तसा एक हिशेब आपण करून पाहू. समजा, जोडीनं एक लाख रुपये उचलले. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानं तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांच्या आसपास होता तो ३६६ रुपये झाला. एक लाखाला ३६६ नं भागलं तर पावणेतीनशे टनांच्या जवळपास ऊस होतो. धडधाकट जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते, साळते, बांधते आणि गाडीत भरते. म्हणजे ही उचल फेडायला साडेचार महिने हवेत, तेही एक दिवस खाडा न करता. खाडा म्हणजे गैरहजेरी; तिचा दंड पडतो तो वेगळाच. शिवाय तिकडे पीठ-मीठ, तेल आणायला आठ-पंधरा दिवसांनी ‘खर्ची’ मिळते, ती पुन्हा याच खात्यावर चढते. आणि ज्या वर्षी ऊस कमी, त्या वर्षी कारखान्याचा पट्टा तीन-साडेतीन महिन्यांतच पडतो. ऊस संपतो, पण उचल संपत नाही. मग उरलेली रक्कम ‘अंगावर राहते’. आपण अंगावरचं दूध म्हणतो, अंगावरचे दागिने म्हणतो. तिथं अंगावर उचल असते, आणि ती घेऊनच पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला पुन्हा त्याच मुकादमाच्या दारी उभं राहावं लागतं.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर रस्ते फुटतात. एक वर बीडला जातो, एक केजवरून अंबाजोगाईला. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. आम्ही आधी बीड गाठलं. बिंदुसरा नदीच्या काठचं हे गाव; पाण्यानं वेढलेलं कंकालेश्वराचं जुनं देऊळ आवर्जून पाहण्यासारखं आहे. पण त्या आठवड्यात देवळापेक्षा बाजारात गर्दी होती. उचलीचे पैसे घराघरांत आलेले, आणि त्यांतून पेट्या, ताडपत्र्या, स्वेटर, पोरांच्या चपला, बैलांच्या वेसणी, कोयते यांची खरेदी चाललेली. दुकानदार खुशीत होते. उचल घेतली त्याच दिवशी तिचे पाय कुठे कुठे फुटतात, ते तिथं उघड्या डोळ्यांनी दिसतं. मागची उधारी, दवाखाना, बियाणं-खत, एखादं लग्न, आणि जे उरेल त्यात ही पेटी.

तिकडे गेल्यावरचं राहणं कसं असतं, ते बाजारात भेटलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला सांगितलं. तिनं पंचवीस हंगाम केले होते. फडाजवळ किंवा कारखान्याच्या आवारात कोपी घालायची. कोपी म्हणजे बांबूच्या कमानीवर चटया, पाचट, अलीकडे प्लॅस्टिक टाकून केलेली खोपटी. आत वाकूनच शिरायचं. पहाटे तीनला उठून चुलीवर भाकरी थापायच्या, कारण दिवस उगवायच्या आत फडात पोहोचायचं. पुरुष तोडतो, बाई पाचट काढते, मोळ्या बांधते. मग ट्रक आला की पंचवीस-तीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून वर चढायचं. ट्रक रात्री आला तर रात्री. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून जे चार पैसे येतील ते मात्र बाईच्या हाती राहायचे. “तेवढंच काय ते आमचं,” म्हातारी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, “उचल गडी घेतो, माय. उचलतो आमी.”

शाळा-कॉलेजात व्याकरण न शिकलेल्या त्या बाईनं एका क्रियापदाचे दोन अर्थ एका दमात वेगळे करून दाखवले होते.

आणखी एक शब्द तिथं फार ऐकू येतो, तो म्हणजे ‘पिशवी’. ‘तिची पिशवी काढलीय’ असं एखाद्या चाळिशीच्या आतल्या बाईबद्दल सहज सांगतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. फडात ना आडोसा, ना पाणी, ना संडास. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या, कारण खाडा परवडत नाही. बाळंतपणानंतरची विश्रांतीही नावालाच. त्यातून अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं सुरू होतं. अशा वेळी साधे उपचार करण्याऐवजी पिशवी काढून टाकण्याचाच सल्ला अनेकींना मिळाला. २०१९ साली वर्तमानपत्रांतून हे उजेडात आलं, देशभर चर्चा झाली. राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्यानंतर खासगी रुग्णालयांतल्या अशा शस्त्रक्रियांवर जिल्ह्यात नजर ठेवली जाऊ लागली.

या प्रकरणातही ‘उचल’ आहेच. शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुष्कळ घरांनी मुकादमाकडूनच पैसे घेतले, आणि ते फेडायला टाके सुकायच्या आत बाई पुन्हा फडात गेली. आपल्या मैत्रिणींनी एक गोष्ट इथं पक्की ध्यानात ठेवावी : अंगावरून जाणं किंवा पाळीचा त्रास म्हणजे लगेच गर्भाशय काढणं नव्हे. बहुतेक वेळा औषधांनी भागतं. शस्त्रक्रिया सुचवली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईलाही ते घ्यायला लावावं.

दुसऱ्या दिवशी केजवरून अंबाजोगाईला आलो. योगेश्वरीचं दर्शन घेतलं. कोकणातल्या कितीतरी चित्पावन घरांची ही कुलदेवता, त्यामुळे देवळात रत्नागिरीपासूनची मंडळी भेटतात. दासोपंतांचं हेच गाव; त्यांनी लांबच लांब कापडावर लिहिलेली ‘पासोडी’ प्रसिद्धच आहे. गावाबाहेर डोंगरकपारीत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात, आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून पुष्कळ जण त्याचंच नाव घेतात.

मराठीच्या आद्य कवीच्या समाधीपाशी बसून आम्ही स्पॅनिशचा धडा गिरवावा, हा योगच म्हणायचा. भाची दोन दिवस गप्प गप्प होती. तिथल्या पायरीवर बसून तिनं वही काढली आणि म्हणाली, “मावशी, आमच्याकडे याला एक क्रियापद आहे.”

ते क्रियापद म्हणजे ‘एंगांचार’. स्पॅनिशमध्ये ‘गांचो’ म्हणजे आकडा, हूक. त्यावरून ‘एंगांचार’ म्हणजे आकड्यात अडकवणं. आपल्या ‘उचलणे’सारखाच रोजच्या बोलण्यातला शब्द. डबा इंजिनाला जोडला, घोडे गाडीला जुंपले, गळाला मासा लागला, कपडा खिळ्याला अडकला, या सगळ्याला ‘एंगांचार’ चालतं. कुणी सैन्यात भरती झालं तरी हेच, आणि दूरदर्शनवरच्या मालिकेचं वेड लागलं, रोज रात्री ती पाहिल्याशिवाय चैन पडेना, तरी हेच! मेक्सिकोत घर किंवा मोटार हप्त्यानं घेताना आधी भरायच्या रकमेला ‘एंगांचे’ म्हणतात. एकदा ती भरली की माणूस त्या व्यवहारात अडकला, हा त्यातला भाव.

पण तिच्या वहीत या शब्दाखाली आणखी एक नोंद होती. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथं समुद्रकाठच्या सपाट भागात उसाचे मोठमोठे मळे उभे राहिले. तोडायला माणसं पुरेनात. तेव्हा मळेवाल्यांचे दलाल अँडीज पर्वतावरच्या खेड्यांत चढून जात आणि अडीअडचणीला शेतकऱ्याच्या हातावर आगाऊ रक्कम ठेवत. मग तो शेतकरी खाली मळ्यात उतरून ती फिटेपर्यंत राबे, आणि मळ्यावरच्या दुकानातली उधारी त्यात मिळवली की ती लवकर फिटत नसे. या पद्धतीचं नाव ‘एंगांचे’, आणि त्या दलालाचं नाव ‘एंगांचादोर’, म्हणजे आकड्यात अडकवणारा.

वर डोंगर, खाली ऊस, मधे दलाल आणि हातावर आगाऊ रक्कम. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांत गोष्ट हुबेहूब तीच. शब्द मात्र किती वेगळे! स्पॅनिशमध्ये वाक्याचा कर्ता आहे पैसे देणारा : त्यानं अडकवलं. मराठीत कर्ता आहे पैसे घेणारा : त्यानं उचललं. आपलं वाक्य ऐकलं की वाटतं, रस्त्यात पडलेली चीज कुणी आपखुशीनं उचलून खिशात घातली. आता फेडायला नको का? देणारा वाक्यात कुठं दिसतच नाही. आणि मोळी डोक्यावर घेणारी बाई तर कर्ता म्हणूनही नाही आणि कर्म म्हणूनही नाही. “मालकानं उचल घेतली” एवढंच ते वाक्य.

भाषेनं मुद्दाम कुणावर अन्याय केला असं मी म्हणणार नाही. शब्द माणसांच्या तोंडी घडतात, आणि गरजवंताच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं खरोखरच अडीला पैसे उचललेले असतात. पण एकदा शब्द रुळला की तो आपल्यासाठी विचार करायला लागतो, हेही खरं. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध देशात कायदा झाला. आगाऊ दिलेल्या पैशांच्या बदल्यात माणसाला बांधून ठेवणं त्यानं गुन्हा ठरवलं. तरी ‘उचल’ या शब्दात आपल्याला बंधन ऐकू येत नाही, व्यवहार ऐकू येतो.

अंबाजोगाईहून परळी जवळच. वैजनाथाला बारा ज्योतिर्लिंगांत मानतात, त्यामुळे यात्रेकरूंचा राबता असतो. शंकराला बेल, खंडोबाला भंडारा, आणि जुन्या काळी पंचांपुढे शपथ घ्यायची तर ‘बेलभंडारा उचलायचा’. एकदा बेलभंडारा उचलला की शब्द मोडायचा नाही. पायऱ्यांवर एक उतारवयाचे मुकादम भेटले. ते स्वतः तरुणपणी कोयताच होते. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी होती. कारखान्याकडून पैसे त्यांच्या नावावर निघतात. एखादी जोडी दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडेच निघून जाते, मग यांना जमीन गहाण टाकावी लागते. “पूर्वी शब्दावर चालायचं, आता नोटरी करतो,” ते म्हणाले. “तरी बुडवणारा बुडवतोच.” म्हणजे आकडा एकच नाही. वरून खालपर्यंत साखळी आहे, आणि तिची सगळ्यांत शेवटची कडी म्हणजे फळीवरून मोळी चढवणारी ती बाई.

परळी हे गोपीनाथ मुंडे यांचं कार्यक्षेत्र. ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून ते राज्याला माहीत होते. २०१४ साली ते गेले. त्यांच्या नावानं ऊसतोड कामगारांसाठी राज्य सरकारनं कल्याण महामंडळ स्थापन केलं आहे, आणि मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आहे. आई-बाप फडात आणि मूल शाळेत, हे व्हायचं तर अशी वसतिगृहं हवीतच. पाटोद्याला भेटलेली ती मुलगी मात्र पेटीबरोबर बागलकोटला चालली होती. दुसरीकडे, फडांत आता तोडणीची यंत्रंही आली आहेत. ‘यंत्र आलं तर सुटका होईल’ असं आपल्याला शहरात बसून वाटतं. तिकडच्या बायका विचारतात, “मग आमी उचल कुणाकडनं घ्यावी?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारं बीडचं, आपलं काय? तर मैत्रिणींनो, ‘उचल’ हा शब्द आपल्याही घरात आहे. जूनमध्ये शाळा सुरू होताना किंवा दिवाळीच्या आधी आपल्याकडची कामवाली बाई दारात घुटमळते आणि हळूच म्हणते, “ताई, थोडी उचल पाहिजे होती.” आपण देतो. अडीनडीला द्यावीच. पण द्यायची कशी, याला काही रीत असावी.

एक तर रक्कम लिहून ठेवावी, आणि ती दोन ठिकाणी : एक आपल्या वहीत, एक तिच्या. तिला वाचता येत नसेल तर तिच्या मुलीकडून वाचून घ्यायला सांगावं. दुसरं, महिन्याला किती कापायचे ते देतानाच ठरवावं, आणि ते पगाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावं. कापल्यावर तिचं घर चाललं पाहिजे. तिसरं, आजारपणाचे, पाळीच्या त्रासाचे दिवस खाडे म्हणून धरू नयेत. चौथं, दिवाळीची भेट ही भेटच असावी, ती उचलीत वळती करू नये. आणि तिला दुसरीकडे चांगलं काम मिळालं तर “आधी माझी उचल फेड, मग जा” असं म्हणून तिला अडकवू नये. बाकी राहिलेले पैसे ती सवडीनं देईल असं ठरवावं. बहुतेक जणी ते देतातही.

आणखी एक लहानशी गोष्ट. वहीत उचल मांडताना ‘भांडीवाली’ किंवा ‘अमक्याची बायको’ असं लिहायची सवय पुष्कळ घरांत असते. तिचं नाव विचारावं, आणि रकमेपुढे तेच लिहावं. पैसे तिनं मागितले, राबून फेडणार तीच. मग नावही तिचंच हवं.